इसाझाची गोधडी : प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२०, रविवार

आज कापड कापलं. उंची १०४ सेंटिमीटर, रुंदी ७०. जपानमधलं बिवा सरोवर सर्वांत खोल जागी १०४ मीटर आहे, म्हणून एका मीटरला एक सेंटिमीटर असं माप धरलं. आडवंही हेच माप धरलं असतं तर सरोवराच्या ६३ किलोमीटर लांबीला ६३० मीटर कापड लागलं असतं. तेव्हा आडवं माप सोडून दिलं. ही गोधडी म्हणजे पाण्याचा उभा छेद आहे, एवढं पुरे.

वरचे २० सेंटिमीटर शेजारच्या आजींनी दिलेल्या जुन्या युकाताचं (उन्हाळी किमोनोचं) फिकट निळं सुती कापड. खालचे ८४ सेंटिमीटर आईची चंद्रकळा. पदर विरला तेव्हा तिने ती माझ्या बॅगेत घातली होती, "गोधडीला होईल" म्हणून. सहा वर्षं कपाटात होती. खोल पाण्याला याहून योग्य काळं कापड मला कुठे मिळणार होतं?

गोधडी रविवारच्या मराठी वर्गासाठी आहे. या वर्षी वर्ग पडद्यावरच भरतो. मुलं शिगा, क्योतो, ओसाका इथं वाढलेली. या सरोवरातून एकच नदी बाहेर पडते. ती पुढे योदो म्हणून ओसाकाला जाते आणि आमच्यासकट सुमारे १ कोटी ४० लाख माणसं हे पाणी पितात. या पाण्यातल्या एका तरी जिवाची ओळख मुलांना आपल्या भाषेत व्हावी, अशी इच्छा आहे. मी इसाझा निवडला. बोटाएवढा, पाच ते आठ सेंटिमीटरचा, तळाशी राहणारा मासा. जगात फक्त याच सरोवरात सापडतो.

१५ नोव्हेंबर २०२०, रविवार

सगळं उसवावं लागलं.

चित्र शोधून त्यावरून पहिला मासा भरला होता. पारदर्शक, सुईसारखा बारीक. शेजारच्या आजी व्हरांड्यातून बघून म्हणाल्या, हा आमचा इसाझा नव्हे. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, होकुरिकूकडे, समुद्रातून नदीत चढणाऱ्या शिरोउओ नावाच्या माशालाही इसाझाच म्हणतात. मी त्याचं चित्र घेतलं होतं. नाव एक, मासे दोन. आपल्याकडेही गाव बदललं की माशाचं नाव बदलतं, त्यामुळे हे मला आधी सुचायला हवं होतं.

आता खरा इसाझा समोर ठेवला आहे. डोकं मोठं आणि चपटं, तोंड रुंद, अंग फिकट पिवळट तपकिरी, पाठीवर दोन पर. पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले. त्या वाटीने तो दगडाला धरून बसतो. शास्त्रीय नाव जिम्नोगोबियस इसाझा. १९१६ साली शिगेहो तानाका यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं.

संध्याकाळी आईला गुहागरला फोन केला आणि ती वाटी समजावून सांगितली. ती लगेच म्हणाली, "अगं, म्हणजे निवटी!" अगदी बरोबर. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी आणि हा इसाझा आजच्या वर्गीकरणात एकाच कुळात येतात. एक चिखलावर उन्हात बसते, दुसरा ऐंशी मीटर खाली अंधारात. पोटाखालची वाटी दोघांनाही आहे. मुलांना शिकवताना सुरुवात निवटीपासून करायची.

२२ नोव्हेंबर २०२०, रविवार

मापाची अडचण. सात सेंटिमीटरचा मासा या गोधडीवर ०.७ मिलिमीटरचा होतो. म्हणजे गाठीच्या टाक्याएवढासुद्धा नाही. तरी एकेरी दोऱ्याचा, एकाच वेढ्याचा गाठीचा टाका घालायचं ठरवलं. मासा मोठा केला तर पाण्याची खोली खोटी ठरेल. मोठा मासा वेगळ्या तुकड्यावर भरून मागच्या अस्तराला लावीन. मुलांनी गोधडी उलटून बघावी.

दुसरी अडचण अशी की मी सगळ्या गाठी तळाशी घातल्या होत्या, पण इसाझा फक्त दिवसा तिथे असतो. अंधार पडला की तो वर निघतो, पृष्ठभागाजवळ येऊन चरतो आणि उजाडायच्या आत परत खाली जातो. दिवसा वरच्या उजेडात राहिला तर बिवामासुसारख्या शिकारी माशांना दिसेल. म्हणून गोधडीचे दोन भाग केले : डावीकडे दिवस, उजवीकडे रात्र. डावीकडे गाठी खालच्या काठाशी, उजवीकडे वर विखुरलेल्या.

एक हिशोब मांडला. तळ ७० मीटरवर धरला तर सात सेंटिमीटरच्या माशाला तो चढ स्वतःच्या लांबीच्या हजारपट होतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला हजारपट म्हणजे १६०० मीटर. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे. म्हणजे रोज संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावरून निघून कळसूबाईच्या माथ्यावर जेवायला जायचं आणि पहाटेच्या आत परत किनाऱ्यावर. हे वर्गात सांगितलं तेव्हा पडद्यावरची सगळी तोंडं एकदम थांबली. एकाने विचारलं, "पावसातपण?" हो, पावसातसुद्धा.

६ डिसेंबर २०२०, रविवार

आजची नोंद लांबणार. सगळ्या कामाचं मूळ इथेच आहे.

उन्हाळ्यात सरोवराचं वरचं पाणी २५ अंशांच्या वर तापतं. खालचं मात्र वर्षभर ७-८ अंशांवर असतं. गरम पाणी हलकं, म्हणून ते वर तरंगत राहतं आणि दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. माझ्या गोधडीत युकाता आणि चंद्रकळा जिथे जोडली आहे, साधारण तिथे ती तापमानाची पायरी असते. वर हवा लागते, शेवाळ वाढतं, प्राणवायू भरपूर. ते शेवाळ मरून खाली पडतं, तळाचे जिवाणू ते खातात आणि खाता खाता तळाचा प्राणवायू संपवत जातात. नवा येत नाही, कारण वाट बंद. वसंतापासून हिवाळ्यापर्यंत तळाचं पाणी जुन्या साठ्यावर दिवस काढतं.

हिवाळ्यात वरचं पाणी थंड होत होत तळाइतकं थंड होतं, जड होतं आणि खाली उतरतं. उत्तरेच्या डोंगरांतलं बर्फाचं पाणीही येऊन मिळतं. मग सगळं सरोवर वरपासून खालपर्यंत ढवळलं जातं आणि तळाला ताजा प्राणवायू पोचतो. इथली माणसं याला बिवाचा खोल श्वास म्हणतात. वर्षातून एकच.

२००७ च्या आधीचा हिवाळा ऊबदार गेला आणि हा श्वास मार्चच्या अखेरपर्यंत लांबला. त्याच वर्षी डिसेंबरात पाण्याखालच्या यंत्राने, त्याचं नाव तानतान, ९० मीटरवरच्या तळाची छायाचित्रं घेतली. मेलेले इसाझा तळावर पडलेले दिसले, सोबत कोळंब्या. ती चित्रं मी बघितली आहेत. करड्या गाळावर पांढरी पोटं.

आणि मग २०१९. १९७९ मध्ये मोजणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच सरोवर पूर्ण ढवळलं नाही. २०२० मध्येही नाही. सलग दोन हिवाळे. या शरदात तळाशी काही जागी प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेला आहे, आणि त्याखाली तळाच्या जिवांना धोका सुरू होतो. इसाझा पोहून वर जाऊ शकतो, हे खरं. पण त्याचा दिवसाचा आसरा तळाशीच आहे. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने त्याला आधीच अतिधोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं आहे.

गोधडीचे थर धावदोऱ्याने जोडतात. ठरवलं की वरून खालपर्यंत जाणारा पांढरा धावदोरा आत्ता घालायचा नाही. सरोवर ढवळलं की घालायचा. या वर्षीही नाही ढवळलं तर थर न जोडताच मुलांना दाखवायचे, आणि का जोडले नाहीत तेही सांगायचं.

१३ डिसेंबर २०२०, रविवार

शेजारच्या आजींनी इसाझा-मामे आणून दिलं. त्या मूळच्या सरोवराच्या वायव्येकडच्या, वडील कोळी. सोयाबीन रात्रभर भिजवून मऊ शिजवायचं, मग सोया सॉस, साखर, साके आणि आलं घालून त्यात इसाझा मंद आचेवर आटवायचा. डोक्यासकट खायचा. डोकं जरा कडवट लागतं, अंग मऊ. गरम भाताबरोबर खाताना सुकटीच्या कालवणाची आठवण झाली, पण गोडावर. थंडीच्या दिवसांत त्यांच्याकडे याचं जुनजुनही करतात, म्हणजे सुकियाकीसारखं उथळ भांड्यात कांद्याच्या पातीबरोबर समोरच शिजवायचं. 

धोक्यातला मासा आपण खातोय, हे मनाला लागत होतं. तसं बोलूनही दाखवलं. आजी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी, १९५० च्या दशकात, असा काळ आला होता की वडिलांच्या जाळ्यात इसाझा येईनासाच झाला. पुढे भरभरून आला, इतका की कोणी मोजेना. १९९० च्या दशकात पुन्हा जवळजवळ नाहीसा झाला. आता थोडा येतो. बाजारात एखादी टोपली दिसली की त्यांना हायसं वाटतं. खाण्यासाठी म्हणून नव्हे, आहे एवढं कळतं म्हणून. कोळी तो हिवाळ्यात खोल पाण्यात जाळं ओढून पकडतात, त्यामुळे तो आहे की नाही हे पहिल्यांदा त्यांनाच कळतं.

मी त्यांना गोधडी दाखवली. त्यांनी तळाच्या गाठींवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, अजून घाल. घातल्या. आता डावीकडे १४० गाठी आहेत.

२० डिसेंबर २०२०, रविवार

इसाझा रात्री वर काय खायला जातो, हे शोधताना एक नाव सापडलं आणि आजचा दिवस त्यातच गेला.

तो सूक्ष्म जीव खातो, आणि त्याबरोबर एक छोटा, वाकडा, कोळंबीसारखा प्राणी. तोही फक्त बिवाचाच, तोही दिवसा तळाशी आणि रात्री वर. म्हणजे जेवण चढतं आणि जेवणारा त्याच्यामागे चढतो. त्याचं नाव जेसोगॅमारस ॲनानडेलाय. जपानीत ॲनानडेल-योकोएबी.

ॲनानडेल म्हणजे नेल्सन ॲनानडेल, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख. ओरिसातलं चिल्का सरोवर त्यांनी अभ्यासलं आणि १९१५ साली ते बिवावर आले. क्योतो विद्यापीठाचं ओत्सूचं सरोवर-केंद्र तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. परत गेल्यावर १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था सुरू झाली आणि ते तिचे पहिले संचालक झाले. इसाझाचं वर्णन झालं तेही १९१६ च. त्यांच्या नावाचा प्राणी १९२२ साली नोंदला गेला.

आणि मधल्या काळात, १९१९ मध्ये, त्यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या छोट्या ओढ्यांमधल्या माशांवर लिहिलं. पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या. त्यात खंडाळ्याच्या ओढ्यातल्या, दगडाला धरून राहणाऱ्या एका लहानशा माशाचं पहिलं वर्णन आहे. आज त्याला पॅराप्सिलोरिंकस टेंटाक्युलॅटस म्हणतात. खंडाळ्याला आम्ही कितीदा गेलो, चिक्की घेतली, धबधब्यात पाय बुडवले. पायाखाली तो होता.

बिवाच्या तळापाशी आणि खंडाळ्याच्या दगडापाशी एकच माणूस वाकून बघत होता. वर्गात हे सांगायचंच. गोधडीच्या मागे अस्तरावर दुसरा छोटा मासा भरणार : खंडाळ्याचा.

१० जानेवारी २०२१, रविवार

चार दिवस बर्फ. उत्तरेकडे फार, आमच्या कुसात्सूत थोडाच. रस्त्यात गाड्या अडकल्याच्या बातम्या येतायत आणि मी इथे बसून अजून थंडी पडो म्हणतेय. काम : फक्त काठ दुमडले.

१४ जानेवारी २०२१, गुरुवार

संक्रांत. क्योतो, ओसाका आणि ह्योगोत आजपासून आणीबाणीचे निर्बंध लागले, शिगात नाहीत. तिळगूळ टपालाने पाठवले होते. काही मुलांना मिळाले, काहींना नाही.

धाकट्या गटातल्या एका मुलीने चंद्रकळा ओळखली. तिची आजी संक्रांतीला नेसते म्हणे. तिने विचारलं, "तळाशी एवढा अंधार आहे तर इसाझाला दिवस आणि रात्र कशी कळते?" त्या खोलीवर पोचणारा उजेड आपल्या डोळ्यांना अंधारच वाटेल, पण त्यातला फरक त्याला कळत असावा, असं मी सांगितलं. मग ती म्हणाली, "मग तिथे एक टाका पांढऱ्याच्या जवळचा घाल. अगदी थोडा." करड्या दोऱ्याचे सात टाके घातले, डाव्या बाजूला, ६० सेंटिमीटरच्या आसपास. जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत.

४ फेब्रुवारी २०२१, गुरुवार

सरोवर ढवळलं!

परवा सेत्सुबुन, थंडीला निरोप द्यायचा सण, झाला. यंदा १२४ वर्षांनी तो २ फेब्रुवारीला आला. आम्ही दारात भाजलेलं सोयाबीन फेकलं. आणि याच आठवड्यात शिगा प्रांताच्या सरकारने जाहीर केलं की इमाझूच्या समोरच्या खोल भागात तळाचा प्राणवायू वरच्या पाण्याइतका झाला आहे. पूर्ण ढवळण, तीन वर्षांत पहिल्यांदा. जानेवारीतल्या थंडीने काम केलं.

मी आजींचं दार वाजवलं. त्यांनी बातमी आधीच ऐकली होती. दोघी मास्क लावून दाराच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहिलो. त्या फक्त "योकात्ता" म्हणाल्या. बरं झालं.

रात्री पहिला पांढरा धावदोरा घातला. वरच्या काठापासून सुरू करून, जोडावरून खाली, १०४ पर्यंत.

७ ते २८ फेब्रुवारी २०२१

रोज दोन-तीन ओळी. जोडावर कापड चार पदरी होतं आणि सुई अडते. तिथे अंगठ्याने न ढकलता सुई हलवून हलवून काढायची, नाहीतर युकाताचं जुनं कापड फाटतं. एकदा फाटलंच. त्याच कापडाचं ठिगळ आतून लावलं. एकूण ४६ ओळी झाल्या. धुतल्यावर चंद्रकळेचा रंग उतरेल का, ही भीती होती. कोपरा मीठ घातलेल्या पाण्यात बुडवून बघितला. नाही उतरला.

इकडे वर्गात मुलांना एक प्रयोग दिला. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्यायचं, वरून चमच्याच्या पाठीवरून हळूच रंगीत गरम पाणी सोडायचं. थर दिसतात. मग पेला बर्फात ठेवून वाट बघायची. एका मुलाने दर दहा मिनिटांनी फोटो पाठवले, रात्री अकरापर्यंत.

१४ मार्च २०२१, रविवार

आता वसंताची बाजू. एप्रिल-मेमध्ये इसाझा खोल पाणी सोडून उत्तरेच्या खडकाळ काठाशी येतो. नर दगडाखाली जागा करतो, मादी दगडाच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर राखण करतो. बहुतेक इसाझांचं आयुष्य इथेच संपतं. एक वर्ष, फार तर दोन. पिल्लं वरच्या पाण्यात तरंगत दूर जातात आणि उन्हाळ्यात खाली उतरतात.

म्हणून याला काठही लागतो आणि तळही. यातलं एक बिघडलं तरी तो संपेल. मी कुसात्सूत राहते, दक्षिणेकडच्या भागात, जिथे पाणी सरासरी चारच मीटर खोल आहे. रोज जे सरोवर बघते ते गोधडीच्या वरच्या चार बोटांत मावतं. इसाझाचं सरोवर वेगळंच आहे, मधल्या पुलापलीकडचं, उत्तरेकडचं.

वरच्या उजव्या कोपऱ्यात करड्या कापडाचे नऊ दगड लावले. अंडी पिवळ्या दोऱ्याच्या लांबट टाक्यांनी. नर एकच, आणि तो मापाबाहेर मोठा केला. सगळ्या गोधडीत माप मोडलं ते इथेच.

२५ एप्रिल २०२१, रविवार

टाके नाहीत.

मामाचा प्राणवायू काल ८४ झाला. रत्नागिरीत खाट मिळाली, पण सिलिंडरसाठी मामेभाऊ रात्रभर फिरत होता. पहाटे मिळाला. मी इथून फोनवर फोन करत होते आणि समोर भिंतीवर ती गोधडी. काढून ठेवली. वर्ग घेतला नाही.

३ मे २०२१, सोमवार

मामा ९३. बोलला. "तुझ्या माशाचं काय झालं?" असं विचारलं. आईने त्याला सांगितलं होतं.

९ मे २०२१, रविवार

ताकाशिमाच्या उत्तरेला गेलो, काइझूच्या पुढे. नवरा, मुलगी आणि मी. खडकाळ काठ, झाडं ओणवी आलेली, पाणी इतकं स्वच्छ की गुडघाभर खोलीतले दगड मोजता येत होते. मुलगी दगड उचलायला वाकली. मी थांबवलं. दगड उचलला तर नर सुटतो आणि अंडी उघडी पडतात. परत ठेवला तरी तो तसाच बसेल याची खात्री नाही.

आम्ही पाण्यात उभ्या राहिलो. हात बुडवला, बोटं बधिर होण्याइतकं गार. इसाझा दिसला नाही. एका सपाट दगडाच्या कडेला वाळू ताजी उकरलेली होती, आत जायला बोटभर भोक होतं. कोणाचं ते सांगता येणार नाही. तिथे इसाझाच्या जातकुळीतले इतरही मासे, गोबी, असतात. मुलगी त्या भोकासमोर अर्धा तास बसली.

परत आल्यावर मागच्या अस्तरावर दोन्ही मासे लावले. इसाझा वर, खंडाळ्याचा खाली, दोघांच्या मध्ये निवटीसाठी जागा सोडली. ती आई तिकडून कापडावर भरून पाठवणार आहे. टपाल सध्या भारतातून उशिरा येतं. जागा १२ सेंटिमीटर बाय ८, कडेने खडूची खूण केली आहे.